आईचे घर दोन गल्ल्या पलीकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण माझ्या मुलीने कॉलेजातून एक इंग्रजी पुस्तक आणले होते. संध्याकाळी मी भाजी निवडीत बसले की ती त्यातले मराठीत सांगे. मायकेल यंग आणि पीटर विल्मट या दोघांचे हे पुस्तक १९५७ साली निघाले. पूर्व लंडनातील बेथनल ग्रीन या कामगारवस्तीत घरोघर जाऊन त्यांनी विचारपूस केली होती.

विलायत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा येतो. पण १९५१ च्या शिरगणतीत तिथल्या एकतृतीयांशाहून अधिक कुटुंबांना घरात न्हाणीघर नव्हते! बेथनल ग्रीनची घरे जुनी, ओल धरलेली, कितीतरी ठिकाणी संडास मागच्या अंगणात. त्यात लढाईतल्या बाँबहल्ल्यांनी पुष्कळ घरे पडलेली. अंघोळीला पैसे देऊन सार्वजनिक स्नानगृहात जायचे. तिथे गरम पाण्याची चावी बाहेरच्या नोकराच्या हाती. पाणी गार झाले की आतून आपल्या खोलीचा नंबर ओरडून सांगायचा. आपल्याकडे नळावर भांडणे होतात, तिथे निदान ओरडणे तरी रीतसर होते.

लग्न झाले की घर मिळेना, म्हणून जोडपे बहुधा मुलीच्याच आईबापांकडे एका खोलीत राही. होय, जावई सासुरवाडीला! मग आईच भाडे वसूल करणाऱ्याच्या कानावर घाली, आणि जवळच्या गल्लीत एखादी जागा रिकामी झाली की लेकीला मिळवून देई. लग्न झालेल्या निम्म्याहून अधिक बायकांची आईशी गेल्या चोवीस तासांत भेट झालेली होती. बाजारहाट दोघींनी मिळून करायचा, पोरे आजीकडे जेवायची, बाळंतपणाला आई हजर. मुलगी हे सांगत होती तेव्हा माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. माझे माहेर एका रात्रीच्या प्रवासाचे.

पुढे लंडनच्या कौन्सिलने शहराबाहेर, इसेक्स परगण्यात, नवी वसाहत बांधली. न्हाणीघर, बाग, स्वच्छ हवा. बायका आनंदाने गेल्या, विशेषतः मुलांसाठी. त्यांना दोष कोण देईल? ओलीत पोरांचा खोकला ज्या आईने काढला, तिलाच त्या न्हाणीघराची किंमत. पण माहेरसासरच्या माणसांशी पूर्वी आठवड्यातून सुमारे १७ वेळा गाठ पडे, ती तिकडे सुमारे ३ वर आली. भाडे जास्त, आईकडे जायचे तर गाडीखर्च. शेजारीण असे, पण ती आपल्या दाराआड. दूरचित्रवाणीचे संच मात्र बेथनल ग्रीनपेक्षा तिकडे अधिक होते.

मी मुलीला विचारले, "अगं, मग तिकडे बाळंतपणाला कोण येई?"

ती म्हणाली, "नवरा कामावर खाडा करून घरी राही. पोरे, स्वयंपाक, सारे तोच बघे."

तेवढी एक गोष्ट मात्र मला आवडली. आमच्या घरात ती मोठ्याने वाचून दाखवावी म्हणून मी मुलीला पुन्हा सांगितले, आणि हे ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते.