परिच्छेदाची एकाकी ओळ



संत्र्याच्या बागांनी बहरलेल्या पांढुर्णा व सौंसर या तहसिली २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झाल्या व पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. येथील राजभाषा हिंदी. घरोघरी बोलली जाते ती मराठी. हिंदीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. मराठीत तो बहुधा वाक्याच्या अखेरीस येतो. ‘मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार’ एवढ्यावर पान संपले आणि ‘नाही’ हा एकच शब्द पुढील पानावर गेला, तर पहिलेच पान हाती आलेल्या बागायतदाराने काय समजावे?

पूर्वी छापखान्यातील जुळारी शब्दांमधील अंतर कमीअधिक करून अशी एकटी पडलेली ओळ सावरीत असे. आज तीच सूचना संकेतस्थळावरून कोणीही, कोणत्याही आकाराच्या कागदावर छापून घेतो. पान कोठे तुटेल, हे लिहिणाऱ्यास आधी ठाऊक नसते. यास्तव हा नियम पृष्ठाच्या मांडणीतच घालून ठेवावा लागतो.

संकेतपृष्ठांची मांडणी ठरविणाऱ्या सीएसएस या भाषेच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी दोन गुणधर्म आहेत. पानाच्या तळाशी परिच्छेदाच्या किमान किती ओळी राहाव्यात, हे ‘ऑर्फन्स’ सांगतो. पुढील पानाच्या माथ्यावर किमान किती याव्यात, हे ‘विडोज’ सांगतो. दोहोंचे मूळ मूल्य २ असल्याने तीन ओळींचा परिच्छेद तुटत नाही. मूल्य ३ केल्यास पाच ओळींचा परिच्छेदही अखंड पुढे जातो. स्तंभ बदलतानाही हेच नियम लागू पडतात. यामुळे पानाच्या तळाशी थोडी जागा कोरी राहते. परंतु अर्थ तुटण्यापेक्षा ती परवडते.

मात्र दोन ओळी सोबत गेल्या तरी नकार पुढच्या पानावरच राहू शकतो. म्हणून अटी व मुदतीच्या परिच्छेदास ‘ब्रेक-इनसाइड’ या गुणधर्माचे ‘अव्हॉइड’ हे मूल्य द्यावे, म्हणजे तो शक्यतो अखंड राहतो. सर्वच ब्राउझर हे नियम सारखे पाळीत नाहीत. तेव्हा सूचना प्रसृत करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी ती एकदा कागदावर छापून पाहणे इष्ट होय.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पान उलटून वाक्य पुरे करण्याची सवय लावावी. ग्रामस्थांनीही पूर्णविराम दिसेपर्यंत सूचना वाचावी, आणि मगच अर्जावर सही करावी.