दाखल्याआधी दार



निपाणीहून पुणे-बंगळूर रस्त्याने उत्तरेस निघाले की चाळीसेक किलोमीटरांवर कोल्हापूर लागते. त्याच्या शेजारच्या वळिवडे गावी १९४३ साली पोलंडच्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेली ही कुटुंबे इराणमार्गे येथवर पोहोचली होती. सुमारे पाच हजार लोकांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य. अनेकांचे वडील सैन्यात, तर काहींचे वाटेतच निवर्तलेले.

पोट भरल्यावर शिक्षणाचे पाहू, असे त्या वसाहतीने म्हटले नाही. तेथे शाळा भरल्या, निर्वासितांतूनच शिक्षक पुढे आले, आणि शिकवणे पोलिश भाषेत चालले. जोडीला चर्च, रुग्णालय, नाटके आणि बालवीरांची पथके होती. मुलांना धड्यांबरोबर मोडलेला दिनक्रम परत मिळाला. १९४८ पर्यंत ही मंडळी निघून गेली. पुढे त्याच परिसरात फाळणीने उखडलेल्या सिंधी कुटुंबांनी संसार मांडले. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात.

सीमाभागातील शाळांनी यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने बेळगाव जिल्ह्यातील नदीकाठची असंख्य कुटुंबे बेघर केली. युद्ध असो वा पूर, घर सोडताना आई मुलाला कडेवर घेते. दाखला मागे राहतो. म्हणूनच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. शाळा चुकलेल्या मुलास वयाला साजेशा वर्गात बसवून विशेष शिकवणी देण्याची तरतूदही त्यात आहे.

परंतु कायदा दार उघडील. आत नेऊन बसवायचे काम शिक्षकाचेच. त्याने मुलाचे नाव त्याच्या आईकडून नीट उच्चारायला शिकावे. त्याची भाषा जाणणारा सोबती शेजारी द्यावा. भर वर्गात त्याची कर्मकहाणी विचारू नये. मराठी-कन्नड घरांतील मुले एकाच बाकावर बसवणाऱ्या या मुलखात हे अवघड नाही. गप्प बसलेले मूल मंद नसते. ते नवी भाषा कानांत साठवीत असते. आईलाही तिला समजेल अशा बोलीत निरोप जावा, कारण घर धीर धरील तरच मूल टिकेल.

वळिवड्याच्या त्या मुलांपैकी अनेकांना आपला देश परत मिळाला नाही, तरी शाळा मिळाली. तेवढे देणे आजही प्रत्येक गावाच्या हाती आहे.