पंप पाठीवर चढण्यापूर्वी

कामावर नव्याने रुजू होणाऱ्याच्या आरोग्याचा व सुरक्षिततेचा विचार ढाणकी येथे करावयाचा, तर यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्याच्या या कापूसपट्ट्यात नवा कामगार कोण, हे प्रथम ठरवावे लागते. आणि तो बहुधा फवारणीचा पंप पहिल्यांदाच पाठीवर घेणारा रोजंदार असतो, ज्याला नेमणूकपत्र मिळत नाही आणि कामाची माहितीही बांधावर उभ्याउभ्या दोन वाक्यांत उरकली जाते.

2017 च्या खरीप हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही, असा ठपका त्या वेळी सर्रास ठेवला गेला. तो अपुरा होता. पऱ्हाटी (कापसाची झाडे) डोक्याएवढी वाढली की नोझल वर धरावा लागतो, तुषार चेहऱ्यावर व छातीवर उतरतात, आणि भादव्याच्या दमट उकाड्यात प्लास्टिकचा कोट अंगावर ठेवणे, तो देणाऱ्यालाही जमणारे नसते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके, म्हणजे मज्जातंतूंचे संदेश थांबविणारे विकर निकामी करणारी रसायने, श्वासाइतकीच घामेजल्या कातडीतूनही शरीरात शिरतात. मग डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ सुटते, उलट्या होतात, श्वास कोंडतो.

हा धोका मजुराला आधी सांगण्याची सक्ती कायद्यात आहे का? भोपाळच्या 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मधील दुरुस्तीने, कारखाने अधिनियमात कलम 111-अ आले आणि सुरक्षिततेची माहिती व प्रशिक्षण मिळणे हा कारखान्यातील कामगाराचा हक्क ठरला. शेत मात्र कारखाना नव्हे. कीटकनाशक नियम, 1971 मध्ये संरक्षक कपडे, प्रथमोपचार व प्रशिक्षण यांच्या तरतुदी आहेत. परंतु मूळ कीटकनाशक अधिनियम, 1968 च्या कलम 38 ने स्वतःच्या कसणुकीतील जमिनीवरील वापर त्यातून वगळला आहे. शेतकऱ्याला दिलेल्या या सवलतीची किंमत त्याचा मजूर मोजतो, असे म्हणणे कटू असले तरी अन्यायाचे नाही.

तेव्हा पहिल्या दिवसाची शिकवण कायद्याची वाट न पाहता बांधावरच द्यावी लागेल. डब्यावरील त्रिकोणाचा रंग वाचता आला पाहिजे: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. वारा पाठीशी ठेवावा, तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नये, भिजलेला सदरा लगेच उतरवून अंग साबणाने धुवावे. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण! औषध कालवलेल्या बोटांनी खर्रा घोटून तोच तोंडात टाकला जातो, ही गोष्ट माहितीपत्रकांच्या लेखकांना सुचत नाही. फवारणी करणाऱ्यांमध्ये बसणाऱ्याला मात्र ती रोज दिसते.

भोवळ आली, नजर अंधुक झाली, तर काम तिथेच थांबवून मजुराला दवाखान्यात न्यावे, त्या दिवसाची मजुरी कापू नये, आणि पंपात जितकी औषधे एकत्र केली असतील तितक्या सर्व रिकाम्या बाटल्या सोबत पाठवाव्यात; कारण अ‍ॅट्रोपिन हे इंजेक्शन ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषावर उतारा असले, तरी सायपरमेथ्रिनसारख्या दुसऱ्या गटातील रसायनावर ते तसे लागू पडत नाही, आणि नेमके काय फवारले हे बेशुद्ध माणूस डॉक्टरांना सांगू शकत नाही.