खवले मांजराची वाट



आज एका गरीब प्राण्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्याचे नाव खवले मांजर. नाव मांजराचे, पण हे मांजर नव्हे. अंगावर खवले आहेत, तोंडात एकही दात नाही. कोकणातल्या रानांत ते राहते. रात्री बाहेर पडते, वारूळ उकरते आणि लांब जिभेने मुंग्या व वाळवी खाते. वाळवी आपल्या घराचे वासे खाते. म्हणजे हे जनावर आपलेच काम करते आणि मजुरीही मागत नाही.

भ्याले की ते अंगाचा गोळा करते. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणूस मात्र तो गोळा उचलून पोत्यात घालतो. खवल्यांचे औषध होते, असे लोक म्हणतात. ते खोटे आहे. खवले म्हणजे आपल्या नखांसारखीच वस्तू. नखाने कधी दुखणे बरे झाले आहे काय? मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. म्हणून मेलेल्यांची जागा लवकर भरत नाही.

शिकार थांबली तरी तेवढ्याने भागत नाही. त्याला एका रानातून दुसऱ्या रानात जायला वाट हवी. आपल्या वसईचे तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले. त्याच्या दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे नागल्याचे रान आहे. पण मध्ये चिंचोटी-भिवंडी रस्ता, वसई-दिवा रेल्वे आणि वस्त्या आहेत. रान असे तुटले की जनावर एका तुकड्यात अडकते. त्याला जोडीदार मिळत नाही. वणवा लागला तर पळायला जागा नाही.

मग रान जोडायचे कसे? मधली पुष्कळ जमीन आपलीच आहे. ओढ्याकाठची झाडे तोडू नका. काठ उघडा पडला असेल तर करंज, जांभूळ, बांबू लावा. बांधावरची झुडपे राखा. रानातली वारुळे मोडू नका. रस्त्याखालच्या मोऱ्या कचऱ्याने बुजवू नका. लहान जनावरे त्यांतून पलीकडे जातात. भाताचा राब भाजताना आग डोंगराला लागू देऊ नका.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने खवले मांजर मारणे, पकडणे, विकणे हा गुन्हा आहे. त्याला ३ ते ७ वर्षे कैद होते. कुठे अडकलेले दिसले तर १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवा.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन खवले मांजर राखण्याचे काम केले आहे. जे त्यांना जमले ते आपल्यालाही जमेल. या पावसाळ्यात ओढ्याकाठी प्रत्येक घराने एक झाड लावावे, एवढे मागून मी आपली रजा घेतो.