नव्या पुस्तकांच्या यादीतला रिकामा रकाना



नव्या मराठी पुस्तकांचा आढावा घेताना आपण आधी कादंबरीकडे वळतो, मग कवितासंग्रह आणि आत्मचरित्रांकडे. वेळ उरलाच तर शेवटी बालसाहित्याचे चार शब्द बोलतो. मुलांसाठीच्या माहितीपर आणि वैचारिक, म्हणजेच ललितेतर, पुस्तकांपर्यंत तर आढावा पोचतच नाही. खेड तालुक्यातल्या या संमेलनात आज मी मुद्दाम या उपेक्षित टोकापासून सुरुवात करतो. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी कसदार ललितेतर पुस्तके निघाली नाहीत, तर उद्या मोठ्यांच्या उत्तम कादंबरीलाही जाणता वाचक मिळणार नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि ही पुस्तके लिहिण्याची जबाबदारी राजगुरुनगर-चाकणसारख्या भागावर अधिक येते.

मोठ्यांच्या कथा-कादंबरीने गेल्या काही वर्षांत आपले काम चोख केले आहे. नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीने तंत्रज्ञानाच्या कह्यात जाणारा समाज उभा केला. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला. २०२१ मध्ये किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' या कथासंग्रहाला, तर २०२३ मध्ये धरणग्रस्तांच्या विस्थापनाची गोष्ट सांगणाऱ्या कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला हाच पुरस्कार मिळाला. धरण, स्थलांतर, यंत्र हे विषय या तालुक्याला वाचून कळावेत असे नाहीत. चासकमान आणि भामा आसखेडच्या पाण्याखाली इथल्याच जमिनी गेल्या, चाकणच्या एमआयडीसीसाठी इथलीच शेते संपादित झाली. इथला प्रौढ वाचक ही पुस्तके आपल्या अनुभवाशी ताडून वाचू शकतो. त्याच्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलीचे काय? धरण कशासाठी बांधतात, मोबदला कसा ठरतो, नदीचे पाणी कोणाच्या वाट्याला किती जाते, हे तिला तिच्या भाषेत सांगणारे पुस्तक कोणते?

साहित्य अकादमीने बालसाहित्याचा स्वतंत्र पुरस्कार २०१० पासून सुरू केला. मराठीतली अलीकडची चार वर्षे पाहा: २०२२ ला संगीता बर्वे यांची 'पियूची वही' ही कादंबरी, २०२३ ला एकनाथ आव्हाड यांच्या कविता, २०२४ ला भारत सासणे यांची कादंबरी, २०२५ ला सुरेश सावंत यांच्या कविता. या पुस्तकांच्या योग्यतेबद्दल माझी तक्रार नाही. चार पुरस्कारांवरून सगळ्या प्रकाशनव्यवहाराचा निवाडाही करता येत नाही. तरी बालसाहित्य म्हटले की गोष्ट आणि गाणे एवढेच आपल्याला सुचते, ही सवय त्यातून दिसते. अगदी लहान मुलांच्या पुस्तकांबाबत थोडे बरे चित्र आहे. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी लेखिका-चित्रकार, ज्योत्स्ना प्रकाशनासारखी संस्था आणि प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तके यांनी चित्रपुस्तकाला प्रतिष्ठा दिली. पुढे मात्र पायऱ्या तुटलेल्या आहेत. चित्रपुस्तकातून बाहेर पडलेला मुलगा थेट स्पर्धापरीक्षेच्या गाइडवर किंवा यशाचे मंत्र देणाऱ्या अनुवादित पुस्तकावर येऊन आदळतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की माहितीच्या पुस्तकांना साहित्य कसे म्हणायचे? मराठी गद्याचा इतिहासच याचे उत्तर देतो. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र', इरावती कर्व्यांचे 'युगान्त' यांतले एकही पुस्तक काल्पनिक नाही, आणि यांना वगळून मराठी साहित्याचा इतिहास लिहिता येत नाही. जे गद्य मोठ्यांसाठी साहित्य ठरते, ते मुलांसाठी लिहिले म्हणून दुय्यम का व्हावे?

दुसरा आक्षेप मोबाइलचा. माहिती बोटावर आहे, मग पुस्तक कशाला? माहिती सुटी सुटी मिळते, हे खरे. ती पडताळायची कशी, हे मात्र पुस्तक शिकवते. ज्यांच्या नावावरून खेडचे राजगुरुनगर झाले, त्या हुतात्मा राजगुरूंचेच उदाहरण घ्या. २४ ऑगस्ट १९०८ आणि २३ मार्च १९३१ या तारखा इथल्या शाळकरी मुलांना पाठ असतात. खेडचा मुलगा संस्कृत शिकायला काशीला जातो आणि क्रांतिकारकांच्या संघटनेत ओढला जातो, हा प्रवास कसा घडला, त्याच्यावरच्या लाहोर खटल्याच्या कागदांतून काय कळते आणि सरकारी कागदावर कितपत विश्वास ठेवावा, दंतकथा कुठे सुरू होते, हे उलगडून सांगणारे पुस्तक मुलाला पुरावा तोलायला शिकवते. ही सवय लागलेला वाचकच पुढे 'उद्या'सारखी कादंबरी पेलू शकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: मुले इंग्रजी शाळेत गेली, आता मराठी वाचणार कोण? पण २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे केले आहे. शिवाय चाकण परिसरात बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठीतून शिकत आहेत. या दोन्ही गटांतल्या मुलांची मराठी अजून कोवळी असते, पण समज आणि कुतूहल वयाप्रमाणे वाढलेलेच असते. त्यांना भाषा सोपी हवी, विषय बाळबोध नको. अशा मुलासाठी लिहिणे हे प्रौढांसाठी लिहिण्यापेक्षा अवघड कसब आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून गोष्टींच्या जोडीला विज्ञान आणि इतिहास देत आले. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर मोफत आहेत. नव्या लेखकाने आधी ते चाळावेत.

खपत नाही म्हणून प्रकाशक छापत नाहीत आणि छापलेले नाही म्हणून खपत नाही, हे चक्र भाषणांनी थांबणार नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने राज्यभर हजारो सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर उभी आहेत. त्यांनी खरेदीचा ठरावीक वाटा किशोरवयीनांच्या ललितेतर पुस्तकांसाठी राखला, तर पहिली आवृत्ती तरी सुरक्षित होते. लेखकांची वाणही नाही. भीमाशंकरचा शेकरू आणि तिथले जंगल जाणणारे वनरक्षक, चाकणच्या बाजारातला कांदा शेतापासून लिलावापर्यंत ओळखणारे शेतकरी, सीएनसी मशीनवर शिफ्ट करणारे कामगार, डाय बनवणारे कारागीर या तालुक्यात आहेत. त्यांच्याकडे ज्ञान आहे. वाक्य घडवणारा संपादक आणि चित्रकार त्यांच्या शेजारी बसवायचा आहे. तेव्हा माझी या संमेलनाला सूचना अशी: पुढच्या वर्षी आढाव्याच्या परिसंवादात किशोरांच्या ललितेतर पुस्तकांना पहिले सत्र द्या, आणि या तालुक्यातल्या एका विषयावरचे एक पुस्तक तोवर तयार करून ते त्या सत्रात मुलांकडूनच तपासून घ्या. त्यांनी काढलेल्या चुका दुरुस्त करूनच ते छापायला द्या.