संस्थानें गेलीं, गांवचा कारभार कोणाच्या हातीं?

(गांवच्या चावडीवर केलेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले शाळामास्तर. मोठ्या राजकारणाची पोथी सांगण्यास आम्ही उभे नाहीं. आपल्याच मुलखांत काय घडलें, व त्यांतून शेतकऱ्यानें, सुतार-लोहार-कुंभारानें काय घ्यावें, एवढेंच सांगावयाचें आहे.

सातारा-सांगलीचा हा मुलूख एके काळीं तुकड्यातुकड्यांचा होता. औंध, फलटण, जत, सांगली, मिरज हीं संस्थानें. मध्यें मध्यें इंग्रजी अंमल. ता. ८ मार्च १९४८ रोजीं हीं संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा निघाला, त्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. राजेशाही गेली हें उत्तमच झालें. रयतेचें सुख एका माणसाच्या लहरीवर टांगलेलें असणें केव्हांही वाईटच.

परंतु औंधची गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं आपण होऊन कारभार रयतेच्या स्वाधीन केला. त्यांचे पुत्र आप्पासाहेब व पोलंडांत जन्मलेले मॉरिस फ्रीडमन यांनीं खटपट केली, महात्मा गांधींनीं सल्ला दिला. ७२ गांवांचें तें लहानसें संस्थान. पण घटनेचा पाया गांवपंचायत हा होता. गांवानें पंच निवडावे, त्यांवर तालुक्याची सभा, तिच्यावर संस्थानची; लहानसहान तंटे गांवांतच मिटावे, अशी तजवीज होती. आटपाडीकडे स्वतंत्रपूर येथें तर कैद्यांना कोटावांचून ठेवून शेतीस लाविलें.

पुढें १९४३ पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारनें गांवोगांव न्यायमंडळें चालविलीं. त्याचें मोठें ठाणें कुंडल, तेंही औंध संस्थानांतलेंच. आपल्या आज्यापणज्यांस कारभार येत नव्हता असें कोण म्हणेल?

१९४८ सालीं राजाबरोबर औंधची घटनाही गेली. तण उपटतांना पीकही उपटलें, असें झालें. गांवाची नजर पुन्हा दूरच्या कचेरीकडे लागली.

आतां गडचिरोलीकडे पाहा. तेथील आदिवासी मुलखास १९९६ च्या पेसा कायद्यानें ग्रामसभेचे विशेष अधिकार दिले. मेंढा (लेखा) येथील गोंड बांधवांनीं वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, व २०११ पासून बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभा स्वतः देऊं लागली. हें एका दिवसांत झालें नाहीं. आधीं वर्षानुवर्षें सारा गांव एकत्र बसत होता.

पेसा आपल्या जिल्ह्यांस लागू नाहीं. पण १९९३ पासून अमलांत असलेली ७३ वी घटनादुरुस्ती आहे, ग्रामसभा आहे. आणि आपण काय करतों? ग्रामसभेस शंभर माणसें, किंवा मतदारांच्या शेंकडा पंधरा, यांपैकीं जो आंकडा लहान तेवढे लोक लागतात. तेवढेही जमत नाहींत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस ही अट राहत नाहीं. मग चार जण बसून साऱ्या गांवाचा खर्च मंजूर करतात. आंधळें दळतें, कुत्रें पीठ खातें!

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. पुढच्या ग्रामसभेस घरटी एक माणूस या. महिलांची सभा आधीं होते, तिला बायकांस धाडा. कामाची सबब सांगूं नका. जमाखर्च मोठ्यानें वाचावयास लावा. वाचल्यावांचून सही करूं नका, न वाचतां येईल तर शाळेंतल्या पोराकडून वाचून घ्या. राजानें दिलेला अधिकार राजाबरोबर गेला. कायद्यानें दिलेला अधिकार आपण वापरला नाहीं, तर तोही कागदावरच राहील.