घरचा उपमा

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाची 'उपमा' या शब्दाशी दोनदा गाठ पडते. सकाळी ताटलीत येतो तो उपमा पुल्लिंगी आणि दुपारी व्याकरणाच्या तासाला येते ती उपमा स्त्रीलिंगी. पहिल्याला फोडणी लागते. दुसरीला 'सारखा', 'जसा', 'प्रमाणे' असे साधर्म्यदर्शक शब्द लागतात. आजचे विवेचन पहिल्याविषयी आहे. दुसरीचीही भेट ओघाने होईलच.

खाण्याच्या उपम्याचा अलंकारशास्त्राशी काहीही संबंध नाही. तमिळमध्ये 'उप्पु' म्हणजे मीठ आणि 'मावु' म्हणजे पीठ. त्यांच्या जोडीतून हे नाव आले. कन्नडमधील 'उप्पिट्टु'चे दक्षिण महाराष्ट्रात 'उपीट' झाले. पुण्याकडच्या आणि कोकणातल्या जुन्या घरांत त्याच्याच जातीचा पदार्थ 'तिखटमिठाचा सांजा' म्हणून ओळखला जातो. जबलपुरात मराठी माणसे निरनिराळ्या वाटांनी आली. कोणाचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आले, कोणी रेल्वेच्या नोकरीने आले, तर कोणाला १९०४ साली उभ्या राहिलेल्या तोफगाडी कारखान्याने, म्हणजे आपल्या 'जीसीएफ'ने, येथे आणले. त्यामुळे एकाच गल्लीत हा पदार्थ तीन नावांनी शिजला, तरी नवल वाटायला नको.

रविवारी जबलपूरकर मराठी माणूस पूर्णपणे जबलपूरचा असतो. कोपऱ्यावरचे पोहे, सोबत जलेबी आणि सणवार असेल तर या शहराचा अभिमान असलेली खव्याची काळसर जलेबी. कामाच्या दिवशी मात्र पाळीची वेळ आणि शाळेची घंटा यांच्यामध्ये जी पंधरा-वीस मिनिटे सापडतात, त्यांत घर आपल्या मूळ चवीकडे परतते. डब्यातला रवा कढईत पडतो. अशा वेळी अवचित पाहुणा आला, तर गृहिणीच्या तोंडून हमखास एक वाक्य निघते, "आज नुसता उपमाच आहे हं." त्या वाक्यातला 'नुसता' हा शब्द लक्षात ठेवावा. आजच्या कथेचे मर्म त्या एका शब्दात आहे.

ही कथा फ्लॉइड कार्डोझ यांची. त्यांचा जन्म १९६० साली मुंबईत, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात झाला. शिक्षणाची सुरुवात जीवरसायनशास्त्रापासून झाली. पण मन पाककलेकडे ओढले गेले. मुंबईत आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी त्या विद्येचे रीतसर शिक्षण घेतले. न्यूयॉर्कला गेल्यावर 'लेस्पिनास' या नामांकित उपाहारगृहात ग्रे कुन्झ या आचार्यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. १९९८ साली 'टॅबला' हे उपाहारगृह सुरू झाले आणि त्याची मुदपाकखान्याची धुरा कार्डोझ यांच्याकडे आली. पाश्चात्त्य पाकपद्धती आणि भारतीय मसाले यांचा तेथे घडलेला मेळ न्यूयॉर्कच्या चोखंदळ समीक्षकांनी वाखाणला. बारा वर्षांनी, २०१० च्या अखेरीस, ते उपाहारगृह बंद झाले.

पुढच्याच वर्षी अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'टॉप शेफ मास्टर्स' या स्पर्धेचे तिसरे पर्व दाखवले गेले. या कार्यक्रमात नवशिक्यांना प्रवेश नसे. आपापल्या क्षेत्रात नाव कमावलेले आचारी समोर येत, घड्याळाच्या काट्याशी झुंजत स्वयंपाक करत आणि परीक्षक त्यांच्यासमोरच त्यांच्या पदार्थाचे गुणदोष सांगत. जिंकलेली रक्कम विजेत्याने आधी निवडलेल्या सेवाकार्याला जाई. अंतिम फेरीत कार्डोझ यांच्यासमोर ट्रेसी डे जार्डिन आणि मेरी स्यू मिलिकेन या दोन मातब्बर प्रतिस्पर्धी होत्या. त्या फेरीतला एक पदार्थ बालपणीच्या खाण्याच्या आठवणीतून साकारायचा होता.

आयुष्यभर मोठमोठ्या भटारखान्यांत वावरलेल्या या माणसाने त्या निर्णायक घडीला उपमा केला.

त्याला नाव मिळाले 'उपमा पोलेंटा'. पोलेंटा हा इटलीतला मक्याच्या भरडीचा मऊसर, घाटलेला पदार्थ. परक्या जिभेला अनोळखी पदार्थ समजावा म्हणून ओळखीच्या पदार्थाचा हात धरावा लागतो. येथे दुसऱ्या उपमेची भेट होते: उपमा हे उपमेय आणि पोलेंटा हे उपमान. व्याकरणाच्या तासाचा असा उपयोग होईल, असे आपल्यापैकी कोणाला वाटले नसेल. त्या उपम्यात रानातली अळंबी होती, नारळाचे दूध होते आणि कोकम होते. नारळाचे दूध व कोकम एकत्र आले की गोव्याच्या वा कोकणाच्या माणसाला सोलकढी आठवणारच. अळंबीसाठी जबलपूरकरांना फार दूर जावे लागत नाही. पावसाळ्यात मंडल्याकडच्या रानांतून येणारी 'पिहरी' आपल्या बाजारात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या थाळीचा अंदाज सहज येईल.

कार्डोझ ती स्पर्धा जिंकले. मिळालेले एक लाख डॉलर तरुण कर्करोग-संशोधकांना साहाय्य करणाऱ्या निधीला गेले.

हा उपमा घरी करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी त्याची मूळ रीत सांगणे योग्य ठरेल. एक वाटी मध्यम रवा मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावा. रंग पालटू देऊ नये. भाजलेल्या रव्याच्या कणांवरचे पिष्ट एकदम चिकट होत नाही. कण पाणी पिऊन फुगतो, पण शेजाऱ्याला बिलगत नाही. कढईत तेलावर मोहरी, चमचाभर उडदाची डाळ, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि आले घालावे व त्यावर बारीक चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतावा. अडीच वाट्या पाण्याचे आधण, मीठ आणि चिमूटभर साखर घालावी. पाणी खळखळू लागले की एका हाताने रवा सोडावा, दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. गुठळी होते ती येथेच. झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ आणली की मोकळा उपमा तयार होतो. पोलेंटासारखा सैलसर हवा असेल, तर पाणी चार वाट्यांपर्यंत वाढवावे, शेवटी अर्धी वाटी नारळाचे दूध घालावे आणि लिंबाऐवजी भिजवलेल्या दोन-तीन आमसुलांचे पाणी घ्यावे. अळंबी मात्र वेगळी, मोठ्या आचेवर परतावी. ती रव्यातच शिजवली, तर सुटलेल्या पाण्याने उपमा गिजगोळा होतो. रानातली अळंबी ओळखीच्या, जाणत्या विक्रेत्याकडूनच घ्यावी.

कृती एवढीच. तिच्यात दडवलेले काही नाही. मग हा पदार्थ जिंकला कशाने?

दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून चव पोहोचत नाही आणि वासही पोहोचत नाही. पाहणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो माणूस आणि त्याच्या हातातल्या पदार्थामागची हकीकत. आपल्याकडे १९९३ साली 'खाना खजाना' सुरू झाला आणि संजीव कपूर घराघरांत पोहोचले. पुढे मराठीत 'आम्ही सारे खवय्ये'ने साध्या गृहिणींना कॅमेऱ्यासमोर उभे केले. प्रेक्षक त्या कार्यक्रमांत रमले, कारण तेथे कोणाच्या तरी घराचे दार उघडत होते. परंतु परीक्षकांपुढे चव असते आणि तेथे हकीकत पुरत नाही. आच सांभाळण्याचे कसब, वेळेचे भान, आंबट-गोडाचा तोल, ही विद्या कार्डोझ यांनी अनेक वर्षे घाम गाळून मिळवली होती. तशी विद्या अंतिम फेरीतल्या तिघांकडेही होती. उपमा मात्र एकाकडेच होता.

घरच्या चवीचे हे मोल कार्डोझ यांनी पुढेही जपले. २०१५ साली सहकाऱ्यांसह त्यांनी मुंबईत 'द बॉम्बे कॅन्टीन' सुरू केले. मोठ्या हॉटेलांत भारतीय जेवण म्हणजे ठरावीक पंजाबी-मुघलाई बेत, ही रूढी मोडून तेथे निरनिराळ्या प्रांतांतल्या घरगुती पदार्थांना पानात मानाची जागा मिळाली. २०१७ साली गोव्याच्या चवींना वाहिलेले 'ओ पेद्रो' आले. मार्च २०२० मध्ये ते मुंबईला येऊन गेले होते. मिठाईचे नवे दुकान सुरू होत होते. अमेरिकेत परतल्यावर ते कोविडने आजारी पडले आणि २५ मार्च रोजी न्यू जर्सीतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५९.

पालकहो, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेच्या प्रवेश-अर्जापुढे बसलेल्या आईवडिलांच्या मनात एक शंका असतेच. मूल मागे तर पडणार नाही? शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात आणि उत्तर देताना आवाज जरा खाली येतो, "नुसती मराठी शाळा आहे." पाहुण्यापुढे ताटली ठेवताना आलेला तोच शब्द पुन्हा येतो.

या शंकेला खोटे आश्वासन देऊ नये. नुसत्या उपम्याने कार्डोझ जिंकले नसते आणि नुसत्या मराठीने कोणतीही परीक्षा जिंकता येत नाही. गणित पक्के हवे, या प्रदेशाची हिंदी जिभेवर हवी, इंग्रजी हाताशी हवी. ही सारी विद्या मेहनतीने मिळते, जगात कोठेही मिळते आणि तेथे स्पर्धकही पुष्कळ असतात. पण ज्या दिवशी जग विचारील, "तुझे स्वतःचे काय आहे?", त्या दिवशी उसने काही पुढे करता येणार नाही. ते आधीच घरात आणि शाळेत मुरलेले असावे लागते.

माजी विद्यार्थ्यांकडे एक छोटी मागणी आहे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचे नेमके माप देऊन मराठी स्वयंपाक कागदावर आणला; त्या बळावर कित्येक नवख्या हातांनी परगावी संसार थाटले. जबलपुरातल्या मराठी घरांच्या न्याहरीची वही मात्र अजून कोरीच आहे. येत्या सुटीत प्रत्येकाने घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसावे आणि एकच पदार्थ लिहून घ्यावा. 'अंदाजाने' असे उत्तर आले, तर थांबू नये. वाटी कोणती, ती उचलून आणावी आणि मोजून पाहावी. पदार्थाला घरात जे नाव असेल, तेच लिहावे. उपमा, उपीट वा सांजा. शीर्षकात 'नुसता' हा शब्द तेवढा लिहू नये.